भात्याजवळचा वास

दि. ६ जानेवारी

ती. दादा,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी बाबांना कोळशाच्या धुरापासून लांब ठेवायला सांगितलं, हे वाचून मला शाळेत शिकवणंसुद्धा सुचेना. भट्टी घराला लागून आहे, म्हणजे बाबांना लांब न्यायचं तर घरच लांब न्यायला हवं. त्यापेक्षा धूरच बंद करू.

आमच्या शाळेच्या कर्मशाळेतल्या सरांकडून समजून घेऊन गॅसवर चालणाऱ्या बर्नरचं चित्र सोबत पाठवतेय. लोखंडी नळी, आत बारीक भोकाची तोटी, मागे हवा ओढून घ्यायला खिडकी. प्रोपेनची टाकी जोडली की झालं. धूर नाही, राख नाही, भाता नाही. घरात एक जण पदवीधर झाली त्याचा बाबांना एवढा तरी उपयोग होऊ दे.

एकच काळजी घे. जोडणी झाली की प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लाव. फेस आला तर गॅस गळतोय असं समजायचं. केलंस की मला कळव.

काकांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
धाकटी


दि. १९ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

बर्नर पेटला! पहिल्या दिवशी फटफट करून विझत होता, नळीची हवेची खिडकी थोडी झाकल्यावर असा गर्जायला लागला की शेजारचा शिंपी बघायला आला. लोखंड लालचं पिवळं व्हायला वेळ लागत नाही. बाबा चक्क अंगणात येऊन बसतात.

काकाचं मात्र काही खरं नाही. तो बर्नरला शिट्टी म्हणतो. आता आमच्या घरात शिट्टी लोखंड तापवणार आणि आम्ही टाळ्या वाजवणार, असं गिऱ्हाइकांसमोर बोलला. भाता बंद झाला तरी भात्याजवळच्या आपल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, कानशीने काहीबाही घासतो आणि डोकं दुखतं म्हणून कुरकुरतो. वास येतो म्हणे. मी तिथेच उभा असतो, मला कसा येत नाही? वारा सुटलेला असताना हा मुद्दाम दार सताड उघडतो, मग ज्योत फडफडते. काल तर माझं काम चालू असताना उठून टाकी बंद केली. हातातलं लोखंड काळं पडलं.

तू पाठवलेला अंगाचा साबण आईला फार आवडला. सगळं घर दरवळतंय म्हणते. मला काही कळलं नाही, माझं नाक कोळशाने कधीच कामातून गेलंय.

आठवण ठेवतेसच, तशीच ठेव.
तुझा,
दादा


दि. २५ जानेवारी

ती. दादा,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आनंद झाला आणि लगेच मनात पाल चुकचुकली. दार उघडणं, टाकी बंद करणं, डोकेदुखी, हे सगळं बर्नर आल्यावरच कसं सुरू झालं? टाकी ठरल्यापेक्षा लवकर संपते का, म्हणजे काका मागून गॅस सोडून देतात का, तेही बघ.

मी काकांना वाईट म्हणत नाही. मला सायकल त्यांनी शिकवली, मारापासून त्यांनी वाचवलं. पण जन्मभर भाता ओढलेल्या माणसाला भात्याशिवायची भट्टी म्हणजे आपल्याशिवायची भट्टी वाटत असणार. नव्याला विरोध होणारच, आपण डगमगायचं नाही. बाबांचा श्वास महत्त्वाचा. थोडे दिवस भट्टीची किल्ली तुझ्याकडेच ठेव. त्यांना सांगताना गोड बोल.

साबणाच्या पाण्याचं तू लिहिलंच नाहीस. केलं असशीलच.

रागावू नकोस, आणि रागावलास तरी पत्र धाड.
तुझी,
धाकटी


दि. ५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझा संशय खरा निघाला. टाकी खरंच लवकर संपते. किल्ली मागितली तर काकाने ती ऐरणीवर ठेवली आणि निघून गेला. तेव्हापासून वाण्याच्या ओट्यावर बसलेला असतो. जेवायला येतो, पण पाठ करून जेवतो. आई म्हणते मी पाप केलं.

आणि ऐक. किल्ली माझ्याकडे असूनही टाकी संपतेच आहे! भट्टीचं कुलूप काकानेच घडवलेलं, दुसरी किल्ली करायला त्याला कितीसा वेळ? तो रात्री येऊन गॅस सोडत असेल असंच मी धरून चाललोय. म्हणून भट्टीच्या मागच्या भिंतीतली खिडकी फळ्या ठोकून बंद केली, दाराखालची फटही पोती कोंबून बुजवली. आता उंदीरसुद्धा आत शिरणार नाही. वारा नसल्यामुळे ज्योत अशी सरळ उभी राहते की तू खूश होशील. सोमवारी सकाळी फाटकाचं मोठं काम सुरू करतोय, दिवसभर बर्नर चालेल; तोवर भट्टीला कुलूप.

काळजी नसावी, माया असावी.
तुझा,
दादा


रविवार, दि. ९ फेब्रुवारी

ती. काका,
शि. सा. न.

हे पत्र पहिल्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. ते तुम्हाला ओट्यावर गाठतील. दादाला लिहिलं असतं तर तो आधी वाद घालत बसला असता. तुम्हाला वास आला होता, तुम्हाला पटवावं लागणार नाही.

काल सकाळी वर्गात मी पायऱ्यांसारख्या मेणबत्त्या लावून त्यांच्यावर हवेपेक्षा जड वायू ओतला. खालची मेणबत्ती आधी विझली, मग तिच्यावरची. दुपारी दादाचं पत्र आलं आणि ती खालची मेणबत्ती तुम्हीच आहात हे मला दिसलं. प्रोपेनही जड असतो. तो गळला की खाली, खड्ड्यात साठतो. तुम्ही खाली बसत होतात, दादा उभा असतो आणि त्याला वास येत नाही. सांधे त्याने तपासलेलेच नाहीत असं मला वाटतं. तुम्ही दार उघडत होतात म्हणून सगळे वाचलात. आता दार बंद आहे, फटीसुद्धा.

कुलूप फोडा. दिवा लावू नका, काडी ओढू नका, बटणाला हात लावू नका. दार उघडा, टाकी बंद करून बाहेर अंगणात काढा. दादाला आत जाऊ देऊ नका.

किल्ली काढून घ्यायला मीच सांगितलं होतं. त्याबद्दल नंतर हवं ते बोला, मी ऐकेन.
तुमची,
धाकटी


दि. १२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

ड्रायव्हरने पत्र दिलं तेव्हा मी वाण्याशी भांडत होतो, ते भांडण अर्धवटच राहिलं. कुलूप लवकर तुटेना. आपणच घडवलेलं कुलूप फोडताना माणसाला अभिमानही वाटतो आणि शिव्याही द्याव्याशा वाटतात. आवाज ऐकून तुझा भाऊ धावत आला, चोर रंगेहाथ सापडला म्हणून सगळ्या आळीला ऐकवत. फळ्यांमुळे आत काळोख, म्हणून हातात काडेपेटी. मी ती हिसकावून अंगणाच्या पलीकडे भिरकावली आणि त्याला मागे लोटला. त्याने मलाही लोटलं. मग मी श्वास धरून आत गेलो, टाकी बंद केली आणि ओढत बाहेर आणली. बोळातून येणाऱ्या शिंप्याला मी हाकललं. तो स्वतःच्या दारात उभा राहून सांगत होता की वास तिथवर येतोय, नाक धरल्याशिवाय थांबवत नाही. ते ऐकल्यावर तुझ्या भावाने चोर म्हणून ओरडणं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळं वाऱ्यावर मोकळं झाल्यावर, त्याने स्वतः साबणाचं पाणी कालवलं. टाकीच्या रबरी नळीच्या सांध्याला दुधासारखा फेस आला; रात्री तो बर्नरचाच कॉक बंद करायचा, टाकीचा उघडाच राहायचा. तू त्याला शाळेतल्या पोरासारखं शिकवतेस असं वाटून त्याने तेवढंच राहू दिलं होतं. सांधा बदलला. मी खड्डा मातीने भरला आणि भिंतीच्या पायथ्याच्या विटा काढून जाळी बसवली, म्हणजे गळलंच तर बाहेर जाईल. टाकी आता कायम बाहेर राहील. आरडाओरड कसली होती म्हणून तुझ्या बाबांनी विचारलं, तेव्हा उंदीर शिरला होता असं सांगितलं. त्यांना पटलं नाही, पण ते हसले, आणि हसताना खोकले नाहीत.

तुझा बर्नर चांगला आहे. त्याला नावं ठेवायची माझी फार इच्छा होती.

तुझ्या भावाला रागाचं पत्र लिहू नकोस. दोन दिवस धड जेवलेला नाही, लोखंड तापवतो आणि ठोकायचं विसरतो. त्याला काहीतरी हलकंफुलकं लिही. तुझ्या वर्गातल्या पोरांच्या गमती लिही.

माझं म्हणशील तर मी भट्टीत जातो, काम करतो, त्याच्याशी कामापुरतं बोलतो. तुझ्यावरही राग आहे. तुला लिहिता येतं, मला वाचता येतं, आणि वास कसला येतो हे तुम्हा दोघांपैकी एकानेही मला विचारलं नाही. हा राग मुद्दाम धरलेला नाही, पण इतक्यात जाईल असंही दिसत नाही. सुट्टीत ये. जेवायला तुझ्या शेजारी बसेन. बोलेन की नाही ते तेव्हा बघू.

तुझा,
काका