बाबांचा ट्रक मध्येच बंद पडतो

प्रिय दादा,

तुझा कॉम्प्युटर बिघडला होता, म्हणून लिहितेय. हसू नकोस! एरवी मी फोन केला असता आणि "आधी रीस्टार्ट केलास का?" असं विचारून तू माझं डोकं फिरवलं असतंस. आता फोन कुणाला करू? बिघाड तर मी शोधून काढला. पण तो सापडल्यापासून घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं, आणि आज दुपारी जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

तू गेलास आणि बाबा गप्प झाले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ज्यांच्यापुढे सेक्रेटरी तोंड उघडायला घाबरतो, ते आपले बाबा! पेपरसुद्धा उघडेनात. कुणी भेटायला येऊन तुझा विषय काढला की उठून गॅलरीत जायचे. तुझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही.

मग एके दिवशी मी खराडीहून ऑफिस संपवून आले, तर म्हणाले, "तो ट्रकचा खेळ कसा सुरू करायचा गं?" मी बघतच राहिले. "त्या खोक्यापुढे बसून डोळे फोडून घे," असं वर्षानुवर्षं तुला ऐकवणारे हेच ना? मी खेळ लावून दिला. तुझाच ट्रक होता, तू अर्ध्या वाटेत उभा केलेला.

दादा, बाबा परदेशात ट्रक चालवतात आणि एकही सिग्नल मोडत नाहीत! मागच्यानं हॉर्न वाजवला की त्याला सुनावतात, "एवढी घाई असेल तर वरून जा की!" रोज दुपारचा चहा झाला की तासभर. गाड्यांशी का होईना, माणूस बोलायला लागला. आई स्वयंपाकघरात गॅस बारीक करून ऐकत उभी राहायची.

आणि मग ते यंत्र बंद पडायला लागलं. खेळ थोडा रंगात आला की आतले पंखे बोंबलायचे, स्क्रीन काळी व्हायची आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर नुसते फोटो बघा, बातम्या वाचा, काही होत नाही. खेळ लावला की मेलं! बाबांना वाटलं, त्यांनीच काहीतरी भलतं दाबलं. "माझ्या हातून त्याची वस्तू बिघडली," म्हणाले आणि माऊसवरचा हात काढून घेतला. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर पुन्हा गॅलरीत. मला किती भीती वाटली म्हणून सांगू! पुन्हा तसेच गप्प झाले तर ह्या वेळी त्यांना कशानं बोलतं करणार?

मी आयटीत आहे म्हणजे मला सगळं येतं, असा आईचा समज. मी सॉफ्टवेअर तपासते, पेट्या उघडत नाही, हे तिला कोण समजावणार? तरी बाजूनं उघडली. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा टाकला. रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरनं घासून परत बसवल्या, तू करायचास तशा. काडीचा उपयोग नाही. आत सगळ्या वायरी कशा शिस्तीत बांधून ठेवल्या आहेस! पण कुठली कशाची, हे एकदा तरी कुणाला दाखवावंसं वाटलं नाही का रे? चौतिसाव्या वर्षी ऑफिसच्या खुर्चीत छातीत कळ येऊन माणूस जातो, हे कुणाला ठाऊक असतं, कबूल आहे. तरी राग येतो तुझा.

शेवटी कॉम्प्युटर दुकानात नेला. दुकानदारानं तोच खेळ तासन्‌तास लावून ठेवला, एकदाही बंद नाही. "मॅडम, मशीन ओके आहे. तुमच्याकडे लाइटचा प्रॉब्लेम असेल." घरी आणला आणि त्याच दुपारी स्क्रीन काळी! मी सॉकेट बदलला, स्टॅबिलायझर बदलला. काही फरक नाही.

मग मी स्वतःच खेळ लावून बसले आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसेल असं केलं. आकडा चढतच गेला, नव्वदच्या पुढे. एवढं तापतंय कुठे, म्हणून कॅबिनेटवर हात ठेवायला गेले, तर हात ठेवायला जागाच नव्हती. तिथे तुझा फोटो होता.

पहिल्या दिवसापासून आईनं तो तिथेच ठेवलाय. फोटोखाली तिनं विणलेला क्रोशाचा रुमाल, रुमालाखाली पाणी सांडू नये म्हणून मागाहून घातलेलं प्लॅस्टिक, पुढे उदबत्तीचं घर आणि मंडईतून आणलेली शेवंती. भिंतीवर टांगू म्हटलं तर म्हणाली, "तो इथेच बसायचा." आणि तू पेटी निवडलीस ती नेमकी वरच्या जाळीतून गरम हवा सोडणारी! प्लॅस्टिक तापून मऊ झालं होतं, जाळीत राख अडकली होती. दुकानात नेताना आईनं तुला पदरानं पुसून पलंगावर ठेवलं होतं, आणि कॅबिनेट घरी आल्याबरोबर पुन्हा वर. तिकडे बंद पडेल कसा?

सांगणार कोण तिला? मीच सांगितलं.

"आई, फोटो टीव्हीशेजारी ठेवूया का?"

"टीव्हीशेजारी तो कधी बसला होता?"

"अगं, वरून झाकलं जातंय. तापतो आणि बंद पडतो."

"मग पडू दे. ह्यांच्या खेळापायी पोराला उठवू मी?"

बाबा दारातच होते. "राहू दे. मला नाही खेळायचं," म्हणाले आणि वळले.

मी कुणाची बाजू घ्यायची, सांग ना! आईकडे तुझी तेवढीच जागा उरली आहे. बाबांकडे तो तासभर. दोघांनाही तूच हवा आहेस आणि दोघंही एकमेकांवर रुसलेले. आपल्या घरात रडण्यापेक्षा रुसणं सोपं, हे तुला मी काय सांगू!

आज दुपारी चहाचे कप विसळून आई तुझ्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले. तिनं फुलं काढली, रुमालाची घडी केली, प्लॅस्टिक मुठीत चुरगाळलं. मग फोटो उचलून तुझ्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसली, फोटो मांडीवर. आणि गॅलरीकडे तोंड करून ओरडली, "अहो, येताय ना? मी किती वेळ धरून बसू ह्याला?"

बाबा आले. खुर्चीत बसले, खेळ लावला. मी कोपऱ्यातल्या आकड्यावरून डोळे काढत नव्हते. तो सत्तरपर्यंत चढला आणि तिथेच राहिला. बाबांनी ट्रक गोदामाच्या आवारात नेला, मागेपुढे करत कसाबसा लावला, इंजिन बंद केलं. मग मान न वळवता, अगदी सहज म्हणाले, "मंदार, बघ रे, नीट लागलाय का?"

आईनं फोटो दोन्ही हातांनी उचलला आणि स्क्रीनसमोर धरला. "थोडा वाकडा आहे म्हणतोय," ती म्हणाली. बाबांनी ट्रक पुन्हा चालू केला.

दादा, माझी धास्ती गेलेली नाही. आज आकडा थांबला, उद्या पंखा जाईल, परवा कार्ड जाईल. एकेक भाग बदलत गेले तर तू जोडलेलं त्यात उरणार काय? म्हणून एक वचन देते. पेटी चालते तोवर मी तिची जाळी साफ ठेवीन. ती कायमची बंद पडली तर दुसरी आणून "हीच ती" असं म्हणून ह्या दोघांना फसवणार नाही. पण तोवर, तुझं नाव घ्यायला आम्हाला पेटी लागू नये, एवढं मात्र मी करीनच.

तुझी,
मुग्धा