समुद्राच्या चित्राचे सहावे रीळ आणि माझा भाऊ अप्पा

मी जोतीराम रंगनाथ खरतोडे, वय वर्षे चौऱ्याऐंशी, धंदा शेती, राहणार लासुर्णे, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. कान मंद झाले आहेत, अक्कल शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही. धाक आहे तो मला माझाच.

कलम १. राहते घर व बँकेतील ठेव माझी पत्नी कुशाबाई हिच्या नावे. तिच्यामागे मुलगा राजवर्धन याला. कुशाबाई हयात असेपर्यंत कोणीही स्वयंपाकघराची भिंत पाडून हॉल मोठा करू नये. हा विषय घरात तीनदा निघाला आहे.

कलम २. कालव्याकडील उसाचे रान राजवर्धनला. बांधावरच्या चिंचेवर शेजारच्या विजयमालाबाई हक्क सांगतात. झाड माझ्या वडिलांनी लावले. चिंचा त्यांनी खुशाल न्याव्यात, हक्क सांगू नये.

कलम ३. फिरत्या सिनेमाचे हाताने फिरवायचे मशीन नात सुप्रियाला. हे मशीन आमच्या घरात कसे आले ते लिहितो, म्हणजे पुढचे कळेल.

माझे वडील रंगनाथ जत्रांमधून तंबू ठोकून चित्रे दाखवत. बोलपट शहरात केव्हाच आले होते. वडिलांनी मुंबईच्या एका बंद पडलेल्या थेटरातून एक जुने मुके चित्र स्वस्तात आणले. आठ रिळांचे. पाण्याखाली चालणारी लोखंडी बोट, तिचा दाढीवाला कप्तान, समुद्राच्या तळावर चालणारी माणसे. ते खरोखर पाण्याखाली जाऊन काढलेले होते म्हणे. आमच्या भागात समुद्र पाहिलेला माणूस नव्हता. बायका पदर तोंडात धरून बघत.

चित्र मुके, म्हणून गोष्ट सांगायला पडद्याशेजारी माझी धाकटी बहीण सारजा उभी राही. वय सतरा. "मंडळी, श्वास धरा, आता आपन पान्यात चाललो," असे ती म्हणे आणि सगळा तंबू खरोखर श्वास धरी.

मे १९६३, भर दुपार. रिळे ठेवलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये सारजा तंबूचे कापड शिवत बसली होती. शेडने पेट घेतला. दार उघडेपर्यंत ना रिळे उरली, ना सारजा. सहावे रीळ तुटले म्हणून जोडायला घरी आणले होते, तेवढे वाचले.

मधला भाऊ अप्पा, वय एकोणीस, शेडजवळ होता. त्याच्या कानावर विडी होती. वडिलांनी पारावर सगळ्या गावासमोर विचारले, "कुनी बघितलं?" मी म्हणालो, "मी बघितलं. अप्पानं विडी पेटवली." लोकांनी त्याला दगड मारत वेशीबाहेर घालवले. तो वरकुट्याला गेला, दुसऱ्याच्या रानात भाजीपाला करू लागला, तिथेच छबूबाईशी त्याचे लग्न झाले. बासष्ट वर्षे मी त्याचे तोंड पाहिले नाही.

कलम ४. सहावे रीळ. या मार्चमध्ये सुप्रियाने रिळाच्या डब्याचा फोटो कुणाला तरी पाठवला आणि पुण्याहून जुनी चित्रे जतन करणारी सोनल नावाची मुलगी आली. डबा उघडताच आंबूस वास आला. तिचा चेहराच उतरला.

"आजोबा, हा कुठं ठेवला होता?"

"पलंगाखाली. वर नातवंडं झोपायची."

तिने आम्हाला सगळ्यांना अंगणात काढले. डबा बर्फाच्या पेटीत ठेवला आणि मग सांगितले, "ही जुनी फिल्म सडायला लागली की उन्हाळ्याच्या उष्णतेनंसुद्धा पेटते. काडी लावावी लागत नाही. गार जागीच ठेवायची असते."

मी तिला तीनदा विचारले. तीनदा तिने तेच सांगितले. मी ओट्यावर आडवा झालो. कुशाबाईला वाटले मला झटका आला.

कुशाबाईलाही माहीत नव्हते ते आज लिहितो. उन्हाळ्यात रोज दुपारी शेडच्या पत्र्यावर पाणी मारण्याचे काम वडिलांनी मला दिले होते. का मारायचे, ते मी कधी विचारले नाही. त्या दुपारी मी पाणी मारले नाही. कालव्यात पोहत होतो. अप्पाला विडी पेटवताना मी पाहिलेच नव्हते. काम सोडून पोहायला गेलो हे वडिलांना कळू नये म्हणून तसे म्हणालो.

रीळ सोनलच्या संस्थेला दिले आहे. वारसांनी परत मागू नये.

कलम ५. (रद्द. कारण खाली.) सोनल येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वरकुट्याला गेलो. अप्पा वांगी निवडत होता. मी उभ्यानेच सगळे सांगितले. त्याच्या हातातले वांगे तसेच राहिले.

"तू बघितलं न्हवतंस?"

"न्हाय."

"विडी कानावर व्हती दादा. पेटवली का न्हाय, मला कधीच नीट आठवलं न्हाय. तू बघितलं म्हनालास. मग मीच पेटवली असनार, मीच सारजाला मारली, असं धरून मी जगलो."

हे ऐकेन असे मला वाटले नव्हते. मी त्याच्यावर नुसता आळ घेतला असे समजत होतो. मी त्याला खुनी करून ठेवले होते, त्याच्या स्वतःच्याच मनात.

मी म्हणालो, एक एकर तुझ्या नावे करतो, आणि मी गेल्यावर हे मृत्युपत्र पारावर वाचायला लावतो. तो उठला.

"रान नको मला. आन मेल्यावर कशाला? जित्या तोंडानं सांग. त्याच पारावर."

म्हणून हे कलम रद्द. १८ मे २०२५, रविवारी, मी पारावर उभा राहून वरील सर्व मजकूर स्वतः वाचला. राजवर्धन मान खाली घालून ऐकत होता. चाळीसेक माणसे होती, बहुतेकांना अप्पा कोण तेही ठाऊक नव्हते. अप्पा समोर बसला होता. सारजाच्या नावावर मी दोनदा थांबलो. अप्पा म्हणाला, "वाच." मी वाचले.

संपल्यावर गावातल्या जुन्या म्हाळसाबाई काठी टेकत पुढे आल्या. "अप्पा, मी पन दगूड मारला व्हता तुला," म्हणाल्या आणि रडू लागल्या. अप्पा त्यांच्याकडे पाणी मागून प्याला आणि वरकुट्याच्या गाडीत बसला. माझ्याशी बोलला नाही.

कलम ६. मी अप्पाची माफी मागितलेली नाही. माझ्यामागे माझ्या वतीने कोणी मागू नये. त्याला ती द्यावीशी वाटली नाही, तर त्याला कोणी समजावायला जाऊ नये.

स्थळ: लासुर्णे. दिनांक: २ जून २०२५.

सही: जोतीराम रंगनाथ खरतोडे

साक्षीदार १: ऋषिराज, शेजारी, लासुर्णे. सही.

साक्षीदार २: म्हाळसाबाई, वय ब्याऐंशी, लासुर्णे. डाव्या हाताचा अंगठा. बाईंनी सांगितल्यावरून लिहिले: "समदं ऐकलं. त्या दिशी मी हितंच व्हते. पोरगं रडत सांगत व्हतं, मला काय बी आठवत न्हाय, आमी ऐकलं न्हाय."