सतरा की बावीस

३ मार्च, सोमवार

पुन्हा तेच! माझं संगणकातलं मॉडेल म्हणतं, तिसऱ्या तासाला सतरा टक्के स्टायरीनचं प्लास्टिक झालेलं असणार. प्रयोगशाळेचा कागद म्हणतो, बावीस. दोन वर्षं समीकरणं मांडतेय आणि या पाच टक्क्यांनी नाकी नऊ आणले.

साहेब म्हणाले, "वीस तारखेपर्यंत जमलं तर जमलं. नाहीतर हा संगणकाचा खेळ बंद, आणि तू परत प्रयोगशाळेत." परत प्रयोगशाळेत! चार वर्षं नमुने तपासत, प्लास्टिकच्या पट्ट्या तोडत बसले होते तिथे. नाही म्हणजे नाही जाणार!

५ मार्च

स्टायरीन एकटं असतं तर सरळ हिशोब होता. पण त्यात रबर विरघळवलेलं असतं ना, माल पटकन तडकू नये म्हणून. मग प्लास्टिकच्या वाढत्या साखळ्यांतल्या काही त्या रबरालाच जाऊन चिकटतात. किती, ते छातीठोकपणे कुणी सांगेना. म्हणून मी सगळं खापर रबरावर फोडतेय. रबराचा आकडा जरा फुगवला, तिसरा तास जुळला. लगेच पाचवा बिघडला.

नवरा म्हणतो, "तुझं लग्न नक्की कुणाशी झालंय? माझ्याशी की रबराशी?" म्हटलं, रबर निदान ताणलं तरी कुरकुर करत नाही!

१० मार्च

जुळत नाही. जुळत नाही. जुळत नाही.

१२ मार्च, बुधवार

वैतागून आज सरळ माल शिजतो त्या रिअॅक्टरपाशीच जाऊन उभी राहिले. तिथे काका असतात. तीस वर्षं रिअॅक्टर सांभाळतायत, नमुनेही तेच काढतात. त्यांनी नळ उघडला, बाटलीत दाट, दुधाळ, कढत माल घेतला, बूच लावलं आणि बाटली ठेवली गरम पाइपाशेजारच्या फळीवर. तासाभराने प्रयोगशाळेचा माणूस आरामात येऊन ती घेऊन गेला.

तासभर! कढत! अहो, बाटलीतही प्लास्टिक होतच राहणार की! रिअॅक्टरमधले सतरा प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बावीस होणारच! मी इतक्या जोरात ओरडले की दोघंतिघं धावत आले.

"काका, बर्फात का नाही ठेवत?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. सावकाश हात पुसले. "ठेवायची नसते, मॅडम." बस, एवढंच. काय एकेक माणसं असतात!

१३ मार्च

बर्फाची बादली मीच उचलून नेली. नमुना काढला की थेट बर्फात. निकाल — सतरा पूर्णांक दोन!!!

रबराचा फुगवलेला आकडा होता तसा केला. पाचवा तास जुळला. सातवाही! बिचाऱ्या रबराला उगीच आठ महिने शिव्या घातल्या.

१७ मार्च

साहेबांना पटेना. "झालेल्या गोष्टी जुळवणं सोपं असतं. अजून झालं नाही ते सांग."

बरं! सांगते! परवा नवा माल शिजणार आहे, त्यात रबर जास्त. आधी रबराच्या द्रावणात प्लास्टिकचे थेंब असतात. प्लास्टिक वाढत जातं आणि एका क्षणी सगळं उलटतं — प्लास्टिक बाहेर, रबराचे दाणे आत. तेव्हा माल अचानक सैल पडतो आणि ढवळणाऱ्या मोटारीवरचा भार उतरतो. हा क्षण कधी येणार ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून आले: दुपारी दोन चाळीस.

१९ मार्च, बुधवार

दोन चाळीस. भाराचा काटा जागचा हलेना. साहेब एकदा घड्याळाकडे, एकदा माझ्याकडे. दोन एकेचाळीस. प्रयोगशाळेतलं माझं जुनं स्टूल डोळ्यांपुढे आलं. दोन बेचाळीस — आणि काटा घसरला! घसरतच गेला!

"मानलं बुवा तुला!" साहेब चक्क टाळ्या वाजवायला लागले. मॉडेल राहिलं. मी राहिले! घरी पोचेपर्यंत जमिनीवर पाय नव्हते. दारातच नवऱ्याने विचारलं, "काय, उलटलं का तुझं रबर?" आणि मी भोकाड पसरलं. आनंदाने हो!

२१ मार्च, शुक्रवार

मोठी बैठक. सगळ्या वरिष्ठांपुढे बाटलीची गोष्ट रंगवून सांगितली. कुणीतरी विचारलं, "मग इतकी वर्षं चुकीचे आकडे का येत होते?" मी म्हटलं, "नमुना घेणाऱ्याचा निष्काळजीपणा. दुसरं काय!" आवाज खणखणीत लागला होता आज.

काकांनाही बोलावलं होतं. दाराशी उभे होते. काही बोलले नाहीत. बोलणार काय? त्यांना लेखी ताकीद द्यायची आणि नमुन्यांचं काम त्यांच्याकडून काढून घ्यायचं ठरलं. मला बढती! शिवाय खिडकीची खोली!

२४ मार्च, सोमवार

नमुन्यांच्या नव्या सूचना लावायला रिअॅक्टरपाशी गेले. फळीच्या वर जुना कागद होता, पिवळा पडलेला. "बाटल्या बर्फात ठेवू नयेत. चिठ्ठ्या ओल्या होऊन सुटतात व नमुने मिसळतात." तारीख पाच वर्षांपूर्वीची, मी प्रयोगशाळेत असतानाची. खाली सही माझी.

शुक्रवारी दाराशी उभे होते तेव्हा काकांना हे माहीत होतं.