समन्सच्या खालच्या तीन ओळी

बाबा, तुम्ही तो कागद घेऊन मोताळ्याच्या बाजारात आले तेव्हा दुपार कलली होती आणि माझ्यापुढं वांग्याचं अर्धं टोपलं तसंच पडून होतं. देऊळघाटात वाचणारे काय कमी होते? पण कोर्टाचा कागद गावात कोणाला दाखवायची तुम्हाला लाज वाटली, म्हणून एसटीनं लेकीच्या गावाला आले. मी दुसरी शिकलेली. तिसरीत चार महिने गेले, मग भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला मला घरी बसवलं. तरी तुम्ही टांगा हाकताना सवाऱ्यांना सांगत जायचे, माही पोरगी वाचते. महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता. तुमची समजूत अशी की राज्य आपल्या भाषेचं झालं, आता कागदही आपल्या पोरीला समजणार. ती समजूत मी मोडली नाही.

तुम्ही टोपल्याआड उकिडवे बसले आणि कागद धोतराच्या सोग्यातून काढला. एक बाई माझी वांगी चिवडत होती, एक एक उचलून खाली ठेवत होती. मी तिला म्हटलं, "घ्याचे असन तं घ्या. वांगे पाह्यता का नवरदेव?" ती फणकाऱ्यानं निघून गेली आणि माझं डोकं आणखी तापलं. कागदावर वरची ओळ मोठ्या अक्षरात होती, ती मी लावली. बिनदिव्याचा टांगा हाकला. त्याखाली तीन ओळी होत्या, बारीक आणि धावत्या अक्षरात, एक अक्षर दुसऱ्यात अडकलेलं. मी पाहिलं. काहीच लागेना.

"कायची केस हाय व?" तुम्ही विचारलं.

"दिवा नव्हता म्हनून."

"दिवा होता. चाक नालीत गेलं तवा इझला. अन् खाली काय लिवलं?"

"तेच हाय. आता काय साक्षीदार गोया करता, चार तारखा खाता? कबूल म्हना, दहा मिंटात मोकये व्हा."

तुम्ही कागद पुन्हा घडी करून ठेवला. माझ्यावर विश्वास होता तुमचा. मला गिऱ्हाईक दिसत होतं.

दिवा विझला त्या संध्याकाळी काय झालं ते मला तुम्हीच सांगितलं होतं. बुलढाण्याच्या मोटार स्टँडवरून तुम्ही देऊळघाटाला निघाले होते. टांग्यात दोनच सवाऱ्या, एक आपल्या शाळेचे मास्तर आणि एक पिऊन तर्र झालेला माणूस. त्याला तुम्ही बसवून घेत नव्हते, मास्तरच म्हणाले, घ्या, रस्त्यात पडून मरेल. समोरून ट्रकनं हॉर्न मारला, घोडी बुजली, चाक नालीत गेलं. कोणाला फार लागलं नाही. पोलीस शिपाई आला. टांग्यापाशी दारूचा वास येत होता, आणि दारूबंदी होती. त्यानं वहीत काय लिहिलं ते वाचून दाखवलं नाही, तुमचा अंगठा घेतला आणि गेला. मास्तरांनाही काही विचारलं नाही. तुम्ही तो कागद त्या मास्तरांनाच दाखवला असता तर पुढचं काही झालं नसतं. पण तुम्ही माझ्याकडं आले.

तारखेला तुम्ही म्हणाले, "तू चाल, तुले समजते." मी आले, पण तोंड वाकडं करूनच. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली एक वकील टेबल मांडून बसले आहेत, म्हातारे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ते हाक मारतात, "काय केस आहे, पाहू कागद." तुमचा हात सोग्याकडं जातो. मी तुमच्या आधी बोलते, "दिव्याची हाय. मी वाचला हाय कागद, वकिलाचं काम नाही." ते हसून म्हणतात, "असं का? मग तुम्हीच वकील." तुम्हीही हसले होते, बाबा. तुम्हाला वाटलं लेकीची तारीफ केली.

आत पुकारा झाला. कारकुनानं भराभर काहीतरी वाचलं आणि विचारलं, गुन्हा कबूल आहे का. तुम्ही मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तुम्ही म्हणाले, "हो जी."

खुर्चीवरच्या मॅजिस्ट्रेट साहेबांनी मान वर केली. तुमच्या गळ्यातली तुळशीची माळ पाहिली. "माळ घालतोस आणि दारू पिऊन घोडा हाकतोस?"

"नाही जी. म्या कधी नाही जी."

"आत्ता कबूल म्हणालास ना? घाबरू नको. कबूल नसेल तर नाही म्हण, आम्ही साक्षीपुरावा पाहू. नीट विचार करून सांग."

साहेब वाईट नव्हते. थांबले होते. तुम्ही परत माझ्याकडं पाहिलं. आणि त्या वेळी मला सगळं समजलं होतं, त्या तीन ओळींत काय होतं ते. साहेब, माझं चुकलं, मला खालचं वाचता आलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण दारात ते वकील येऊन उभे होते. भिंतीला आमच्या बाजारातल्या दोघीजणी त्यांच्या तारखेला येऊन उभ्या होत्या, त्यांच्या घरची पत्रं मी जमेल तशी वाचून द्यायची. मी खाली फरशीकडं पाहिलं. तुम्हाला वाटलं असेल, पोरीला ठाऊक आहे, असंच म्हणायचं असेल. तुम्ही दुसऱ्यांदा म्हणाले, "हो जी."

दंड भरून बाहेर आल्यावर वकिलांनी कागद मागून घेतला, वाचला. "बाई, आधी का नाही दाखवला? डॉक्टरचा दाखला कुठे आहे यात? नुसत्या वासावर केस. नाही म्हटलं असतं तर मास्तर येऊन बोलले असते, शिपायाला दोन प्रश्न विचारले असते, संपलं. आता स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, वरच्या कोर्टातही ते पुसता येणार नाही." टांगा हाकायच्या परवान्याचा बिल्ला महिन्याभरात काढून घेतला. घोडी विकली. पण बिल्ल्याचं मला एवढं नाही.

एसटी स्टँडवर तुम्ही मला एकदाच विचारलं, "त्या कागदावर हे होतं काय व?"

"नव्हतं," मी म्हटलं. "त्या शिपायानं मांगून घातलं."

"असंच असन," तुम्ही म्हणाले. परत कधी विचारलं नाही.

पुढच्या एकादशीला तुम्ही माळ काढून देवापुढं ठेवली. माय ओरडली, "तुमी पेले काय कधी?" तुम्ही म्हणाले, "पेलो नाही. पन साहेबापुढं दोनदा हो म्हनलं. आता घालून कोनाले फसवू?" भजनात तुमची जागा पखवाजाजवळ होती. त्यानंतर तुम्ही मंदिराच्या पायरीवर, जोड्यांपाशी बसायचे. कोणी ऊठ म्हटलं नव्हतं. तुम्ही आपणहून. तिसऱ्या वर्षी गेले, बिनमाळेचे.

मी चाळिशीनंतर गावात मोठ्यांचा वर्ग निघाला तेव्हा पाटी घेऊन बसले. लोक हसले, मी त्यांना काय म्हणायचं ते म्हटलं. परवा तुमची पेटी झाडताना तो कागद सापडला. तीन ओळी मी उभ्या उभ्या वाचल्या. दारूच्या नशेत टांगा हाकून लोकांच्या जिवाला धोका केला. भाजीला फोडणी बसायलाही जास्त वेळ लागतो. म्हणून हे लिहायला बसले.

तो शिपाई पुढं मोताळ्यातच घर करून राहिला. त्यानं वासावरून खोटं लिहिलं, ते त्याचं. पण 'मागून घातलं' हे खोटं माझं, आणि मायनं तेच धरून ठेवलंय. माय आता माझ्याकडंच असते, डोळ्यानं कमी दिसतं, तरी त्याच्या दारावरून जाताना थुंकते. त्याची सून हळदीकुंकवाला बोलवायला आली तर मायनं तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. ती पोरगी तेव्हा जन्मलीही नव्हती.

आत्ता माय ओसरीवरून विचारते, "काय लिवून राह्यली व सकायपासून?"

"काही नाही. तुयं औषध आनाचं, त्याची यादी."

बाबा, एवढं सगळं लिहिलं ते तुम्ही नाही म्हणून लिहिलं. तुम्ही असते तर तुमच्यापुढं तोंड उघडलं नसतं. माय दहा पावलांवर बसली आहे, आणि तिला मी हे वाचून दाखवणार नाही.