एकादशीला चालणारी कॅप्सूल

६ मार्च, कळमनुरी
भाची वैष्णवी नांदेडहून आली. तिचे वडील, आमचा संतरामदादा, पोटाच्या कॅन्सरने गेला. तेव्हापासून ती पोटातल्या जंतूवरच संशोधन करते. म्हणाली, सगळेच जंतू सारखे वाईट नसतात, काहींकडे विष असतं. तिची मोनोक्लोनल अँटीबॉडी नेमकी त्या एका विषालाच जाऊन चिकटते. म्हणजे साठ पोरांत खोडी कोणी काढली ते ओळखणारी. मी शाळेत जन्मभर हेच केलं. माझी बी.एस्सी. वाया गेलेली नाही.
तिला घरातल्यांच्या शौचाचे नमुने हवेत. माझा केवळ नियम म्हणून. रोगी घरात एकच, आमचे हे. ठेचा खातात.

७ मार्च
अट अशी: दोन आठवडे ॲसिडिटीची गोळी बंद. नाहीतर जंतू दबून बसतो, सापडत नाही. यांच्या गोळ्या जप्त. कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. आन् तुझी? असं हे म्हणाले. दुर्लक्ष केलं.

१० मार्च. एकादशी.
उठल्याबरोबर नेहमीची कॅप्सूल घेतली. ती मी औषधात धरत नाही. उपवासालाही चालते.

१५ मार्च
हे पोट धरून बसतात. शेजारच्या द्वारकाबाई म्हणाल्या, अवो बाई, काहून छळून राहिल्या त्यांना, एक गोळी द्या की. शास्त्राला दया नसते, असं सांगून वाटेला लावलं.
माझे ब्लाउज सैल होत आहेत. टेलर पहिल्यासारखा राहिला नाही.

२१ मार्च
नमुने बर्फाच्या डब्यात घालून वैष्णवी गेली. माझ्या डबीवर नाव सुवाच्य अक्षरात. यांचं गिचमीड.

२९ मार्च
निकाल. यांना जंतू नाही. आश्चर्य. मलाही नाही. अपेक्षितच.
वैष्णवीने फोनवर विचारलं, आत्या, गोळी बंद होती ना? मी म्हटलं, मी औषध म्हणून काही घेतच नाही. मागून हे ओरडले, रोजची कॅप्सूल चालूच हाय तिची, पोरी.
वैष्णवीने मला कॅप्सूलचं नाव वाचायला लावलं; ॲसिडिटीचीच, पण सौम्य. मग म्हणाली, औषध घेत नाही, असंच बाबाही म्हणायचे.

२ एप्रिल
नांदेडला दुर्बिणीने माझं पोट तपासायची तारीख घेतली आहे. तोवर कॅप्सूल बंद. किल्ली आता यांच्या करदोट्याला.
सकाळी मी पोट धरून मागितली. हे म्हणाले, शास्त्राला दया नसते.
डोळे ओले होते यांचे. ठेचाच असणार.