यालदाने ओतलेली बादली

मी, शलीमोन वर्दा, वय शहात्तर, राहणार अराफा वस्ती, किर्कुक, एके काळचा सेंटर फॉरवर्ड आणि पुढे जन्मभर आमच्या असिरियन ख्रिस्ती वस्तीच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. डोकं शाबूत आहे. डावा गुडघा नाही, पण कायद्याला गुडघा लागत नाही असं वकील म्हणाले.

१. घर मुलगी नहरीनला. ती सिडनीहून फोनवर म्हणते, "बाबा, विकून टाका आणि या इकडे. मैदानं बघा कशी हिरवीगार!" तिने घर खुशाल विकावं. फक्त मुलं कपडे बदलतात ती खोली, संघ खेळतोय तोवर विकू नये. त्या वासाला गिऱ्हाईकही मिळणार नाही.

२. बूट माझ्यासोबत पुरावेत. मेव्हणे खामीस यांनी मागितलेच, तर "राबी घालून गेले" असं सांगावं; पोरं मला राबी, म्हणजे गुरुजी, म्हणतात.

३. आमचा गोलरक्षक यालदा इशो. आम्ही दोघं खेळायचो तेव्हा एकदा अंतिम सामना नेमका नुसर्दीलच्या सणाला आला. त्या दिवशी आम्ही एकमेकांना पाण्याने भिजवतो; पण मध्यंतरात, भर पेनल्टीच्या जागेवर, आपल्याच खेळाडूवर, म्हणजे माझ्यावर, बादली ओतणारा यालदा एकटाच. पुढे पेनल्टी मिळाली. मी त्याच चिखलात घसरलो, चेंडू चर्चच्या अंगणात गेला, सामना बसऱ्याच्या संघाला.

तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. संघ मात्र दोघांनी मिळून घडवला; गोलकीपर तो तयार करायचा. मी पोरांना म्हणायचो, "त्याला सांग, तुझा गोलकीपर झोपलाय." तो म्हणायचा, "त्याला सांग, तोंडावर पाणी मारू का?"

४. आमची निम्मी मुलं परदेशी गेली. त्यांच्या जागी तुर्कमान, कुर्द, अरब मुलं आली. आमच्या शिव्या त्यांना आता नीट कळतात. यालदानेही मुलाकडे स्वीडनला जायचं तिकीट काढलंय. तो गेला तर संघ मोडेल, आणि मला मरणापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते. म्हणून शिट्टी आणि संघ यालदाला. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असा नियम आहे म्हणे. वकिलांनी मैदानावर येऊन संघाचा खेळ पाहिला आणि यात मिळण्यासारखं काही नाही, असा निर्वाळा दिला.

५. दर नुसर्दीलला यालदाने माझ्या कबरीवर एक बादली ओतावी. मैदानावर एक थेंबही नको.

सही: शलीमोन वर्दा
साक्षीदार: १. पाद्री हुर्मिज २. यालदा इशो
किर्कुक, १४ मे २०१२

पुरवणी: वकिलांच्या आग्रहावरून नमूद करतो की, साक्षीदार क्रमांक दोन यांनी सगळं वाचलं आणि सही करण्याआधी पाद्रींना म्हणाले, "याला सांगा, तिकीट परत करतो. पण बादल्या दोन ओतीन."

पाद्री माझ्याकडे वळले. या वेळी मला त्यांना मध्ये घ्यायची गरज वाटली नाही.

"दोन ओत, यालदा," मी म्हणालो.