हॉलच्या छताला टांगलेली होडी

४ मे
कयाक आली, वल्ह्यांची अरुंद होडी. तुडीलकडे नदीकाठी एक कॅम्प बंद पडला, त्यांची जुनी. पिवळी, दोन माणसांची. सगळी गल्ली बघायला जमली. शेजारचा श्रीपत म्हणाला, जुल्फिकारभाई, आता हे काय नवीन? मी होडी ओढत अंगणात नेली.

एकवीसच्या पुरात मी कुवेतला होतो. अम्मीला पाठुंगळी घेऊन समोरच्या बिल्डिंगमध्ये वर नेलं ते या श्रीपतने. तेव्हापासून घरी कोणीही आलं की चहाच्या आधी श्रीपतची गोष्ट. वीट आलाय. यंदा पाणी चढलं तर अम्मीला मी नेणार. माझ्या होडीतून.

५ मे, सकाळ
अंगणात ठेवली होती. रात्रीत मांजर आत घाण करून गेलं. शी. व्हिडिओ पाहिले. बाहेरदेशी लोक कयाक भिंतीला नाहीतर छताला टांगतात. आपल्या भिंतीवर कमरेच्या वर अजून पुराची रेघ दिसते. म्हणून छत. हॉलचं.

९ मे
उमरठचा कुशाबा मिस्त्री आला. चार हुक, दोन पट्टे. म्हणे, स्लॅब पोकळ वाजतोय, रिकामी होडी टांगा, आत काय भरू नका. मिस्त्री लोकांना घाबरवायची सवयच असते. टांगली. झकास दिसते. पंखा काढावा लागला. बायको आयशा उकाड्याने कुरकुरतेय. दुर्लक्ष.
रोज सकाळी उतरवायची प्रॅक्टिस. दहा मिनिटांत खाली आलीच पाहिजे.

१० मे
प्रॅक्टिस उद्यापासून. कंबर धरलीय.

२८ मे
पावसाआधी महाडात घरंच्या घरं वर चढतात. गाद्या, पीठ, कागदपत्रं. आयशाने काय करावं? गोधड्या होडीत कोंबल्या. विचारलं तर म्हणे, वर हाय ना, मग माळाच की. माझ्या होडीला माळा म्हणते! दोन दिवसांत खाली करायला बजावलंय.

६ जून
होडीत आता तांदूळ, पासपोर्ट, लग्नाचा अल्बम आणि सुकट. सुकट! हॉलमध्ये बसवत नाही, घास उतरत नाही. वर श्रीपतची बायको आवडी आपला मसाल्याचा डबा ठेवून गेली. मला न विचारता.

१९ जून
प्रॅक्टिस केली. शिडीवर चढून एक पट्टा सैल केला, तर सुकट डोक्यावर. आयशा हसली. अम्मीपण हसली. डोकं तीनदा धुतलं, वास जात नाही. प्रॅक्टिस बंद. तत्त्व कळलंय, तेवढं पुरे.

११ जुलै, दुपार
सावित्री नदी वाढतेय. पुराच्या इशाऱ्याचा भोंगा झाला. गल्लीत घोटाभर पाणी. अम्मीला सांगितलं, घाबरू नको, मी आहे. तिने चपला पिशवीत घातल्या आणि विचारलं, श्रीपत घरी हाय काय?

११ जुलै, चार वाजता
हॉलमध्ये पाणी शिरलं. होडी उतरवायला गेलो तर आयशा शिडीला आडवी. म्हणे, पाणी खालून येतंय नि तुम्ही वरचं सुकं खाली काढताय? तिचा मुद्दा साफ चुकीचा आहे. हे लिहून झालं की उतरवतोच.

१२ जुलै
पाणी ओसरलं. घरभर चिखल, गटाराचा वास. किळस येते. हात खांद्याच्या वर जात नाहीत, पेनसुद्धा जड लागतंय.

काल पट्ट्याला हात लावला आणि पुढचा हुक स्लॅबमधून निघाला. होडीचं नाक दोन्ही हातांवर झेललं. सोडलं असतं तर पासपोर्ट, तांदूळ, सगळं पाण्यात. आयशा म्हणाली, धरा तसंच, हलू नका. धरलं. गुडघाभर पाण्यात, दीड तास.

तेवढ्यात श्रीपत आला. अम्मीला पाठुंगळी घेतलं. मी म्हटलं, अम्मी, थांब, पाच मिनिटं. ती म्हणाली, तू तुझी होडी सांभाळ.

दारातून जाताना ती त्याला म्हणत होती, पुढच्या पावसात कुठं गावाला जाऊ नको रे बाबा, तुझ्याशिवाय मला हाय कोण.

मी तिथेच उभा होतो, दोन्ही हात वर करून.